सायबर फसवणूक झाल्यावर कोणाकडे जावे? सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील नागरिकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायबर गुन्ह्यांविरुद्ध नागरिकाला वापरता येतील अशा सरकारी सोयी आज पुष्कळ आहेत आणि त्या जवळजवळ सर्व विनामूल्य आहेत. अडचण अशी की प्रत्येक सोय एकच काम करते. एका ठिकाणी तक्रार दिली म्हणजे सगळीकडे पोहोचली, असे समजून लोक थांबतात आणि मुदती निघून जातात. म्हणून खालील उत्तरांत कोणती सोय काय करते याबरोबरच ती काय करत नाही, हेही सांगितले आहे.

खात्यातून पैसे गेल्याचे आत्ताच लक्षात आले आहे. सर्वांत आधी काय करावे?

१९३० या क्रमांकावर फोन करावा. ज्याने फसवले त्याला पुन्हा फोन लावून विनवण्या करणे, घरातल्यांपासून गोष्ट लपवून दोन दिवस तळमळत बसणे किंवा सोमवारी बँक उघडण्याची वाट पाहणे, यांपैकी काहीही त्याआधी करू नये. गर्दीच्या वेळी फोन लागायला उशीर होऊ शकतो. तसे झाल्यास राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर, म्हणजे ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर, लगेच तक्रार भरावी आणि फोनचा प्रयत्नही चालू ठेवावा. त्यानंतर आपल्या बँकेच्या ग्राहक सेवा क्रमांकावर कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्यावे. हा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो. तो गूगलवर शोधू नये, कारण तिथे वर दिसणारा क्रमांक भामट्याचाच असण्याचे प्रकार वारंवार घडले आहेत.

१९३० वर फोन केल्यावर नेमके काय घडते?

हे समजून घेणे फार उपयोगाचे आहे, कारण घाई का करायची याचे कारण त्यातच आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ मध्ये एक यंत्रणा सुरू केली, जिच्यात पोलिस, बँका आणि पैसे देण्याघेण्याची ॲप चालवणाऱ्या कंपन्या एकाच जाळ्यात जोडलेल्या आहेत. तुम्ही दिलेला व्यवहाराचा तपशील या यंत्रणेत भरला गेला की तो आधी तुमच्या बँकेला आणि तिथून पैसे ज्या बँकेत गेले तिला दिसतो. रक्कम अजून त्या खात्यात असेल तर ती रोखून धरली जाते. पुढे सरकली असेल तर माहिती पुढच्या बँकेकडे जाते.

भामट्यांचा धंदा मात्र वेगावरच चालतो. एका खात्यात आलेले दोन लाख रुपये थोड्याच वेळात पाच-सहा खात्यांत वाटले जातात आणि त्यांतले काही भलत्याच राज्यातल्या एटीएममधून रोख काढले जातात. रोख हातात पडली की यंत्रणेकडे रोखण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांतली तक्रार आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार यांच्या निकालात मोठा फरक पडतो.

एक खुलासा करायला हवा. सुरुवातीला या सेवेचा क्रमांक १५५२६० होता. जुन्या फलकांवर किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांत तो अजून आढळतो. तो लक्षात ठेवू नये.

फोन करताना हाताशी काय असावे?

बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआय व्यवहारात हा बारा अंकी असतो आणि ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात ‘यूटीआर’ किंवा ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ या शब्दांपुढे दिसतो. पैसे तीन वेळा गेले असतील तर तीन वेगळे क्रमांक द्यावे लागतात. एकूण रक्कम सांगून भागत नाही.

फोन झाल्यावर तक्रारीचा पोचक्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा आणि चोवीस तासांच्या आत पोर्टलवर तक्रार तपशिलासह पूर्ण करावी. भामट्याचे संदेश, त्याचा क्रमांक, त्याने पाठवलेली ‘पावती’ हे रागाने पुसून टाकण्याची चूक बरेच जण करतात. स्क्रीनशॉट घेताना वेळ आणि समोरच्याचा क्रमांक त्यात दिसला पाहिजे. मूळ संवाद मोबाइलमध्ये तसाच राहू द्यावा, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात दाखल करताना त्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ नोंद शाबूत असल्यास ते काम सोपे होते.

सोलापुरात पोलिसांकडे जायचे तर शहरात की ग्रामीणमध्ये?

सोलापूर शहरासाठी पोलिस आयुक्तालय आहे आणि उर्वरित जिल्हा पोलिस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण यांच्याकडे येतो. दोन्हींकडे सायबर पोलिस ठाणे आहे. नवी पेठ, जोडभावी पेठ किंवा विजापूर नाका भागात राहणाऱ्याने शहराकडे आणि बार्शी, सांगोला, करमाळा, अक्कलकोट अशा तालुक्यांतील रहिवाशाने ग्रामीणकडे जावे, हा सर्वसाधारण नियम होय.

परंतु हद्दीच्या कारणावरून कोणालाही परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते, मग गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो. ही माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत प्रत्यक्ष जाऊन सही करावी लागते. तेव्हा मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने आधी तालुक्याच्या पोलिस ठाण्यातच जाणे शहाणपणाचे, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी येईपर्यंत त्याचा एक दिवस मोडतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खालील गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. त्यामुळे पुढे प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवले गेले तर गोंधळून जाऊ नये.

पोर्टलवर तक्रार क्रमांक मिळाला. म्हणजे गुन्हा दाखल झाला का?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे. पोर्टलवरची नोंद ही तक्रार असते. ती संबंधित राज्याच्या पोलिसांकडे जाते आणि पोलिसांनी त्यावरून प्रथम खबर अहवाल (एफआयआर) नोंदवला तरच गुन्हा दाखल झाला, असे म्हणता येते. न्यायालयात, विम्याच्या दाव्यात आणि पुष्कळदा बँकेतही हा अहवालच मागितला जातो. त्याची प्रत तक्रारदाराला विनामूल्य देणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

पोलिस ठाण्याने नोंद घेण्यास नकार दिला तर कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमानुसार माहितीचा सारांश लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांकडे पाठवता येतो आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तिथे उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. देशपातळीवरील विधी सेवा मदत क्रमांक १५१०० आहे.

बँक म्हणते, ‘ओटीपी तुम्हीच दिलात, आमची जबाबदारी नाही.’ हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या जबाबदारीची चौकट आखून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, त्याची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, यंत्रणेत इतरत्र कुठेतरी झाली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले असेल, तरीही जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास सामान्य बचत खात्यासाठी ती जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि मूलभूत (किमान शिल्लक न लागणाऱ्या) बचत खात्यासाठी ५,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते.

ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे. म्हणजे दुपारी दोनला तुम्ही बँकेला फोन केलात आणि अडीच वाजता आणखी एक व्यवहार झाला, तर तो दुसरा व्यवहार तुमच्या माथी मारता येत नाही. म्हणून फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवणे महत्त्वाचे. आणखी एक गोष्ट काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही: ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकलेले आहे.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

याशिवाय एक मार्ग फारसा कोणी वापरत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ नुसार प्रत्येक राज्यात न्यायनिर्णय अधिकारी असतो. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईचा दावा त्यांच्यापुढे करता येतो आणि सुरक्षेत हलगर्जी करणाऱ्या संस्थेविरुद्धही तो चालतो. आमच्या मते मोठी रक्कम गेलेल्या माणसाने वकिलाला या तरतुदीबद्दल आवर्जून विचारावे.

माझे खाते नागरी सहकारी बँकेत आहे. मला हे नियम लागू होतात का?

होतात. सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये तशाच आशयाचे परिपत्रक काढले. पतसंस्थेचे मात्र तसे नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिचे नियमन राज्याचे सहकार खाते करते, त्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे करावी लागते. फसवणुकीचा फोन मात्र कोणत्याही परिस्थितीत १९३० वरच करायचा.

रोखून धरलेली रक्कम परत कशी मिळते?

ती आपोआप परत येत नाही. साधारणपणे तपास अधिकाऱ्याच्या अहवालानंतर न्यायालयात अर्ज करून रक्कम परत देण्याचा आदेश घ्यावा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली असे अर्ज होतात. कोणत्या बँकेत किती रक्कम रोखली आहे याची यादी तपास अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावी, कारण रक्कम चार बँकांत विखुरलेली असेल तर अर्जात चारही बँकांचा उल्लेख लागतो.

‘तुमचे गेलेले पैसे आम्ही मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असे सांगणारा माणूस किंवा संकेतस्थळ म्हणजे त्याच फसवणुकीचा दुसरा अंक समजावा. कोणतीही सरकारी यंत्रणा यासाठी पैसे घेत नाही.

माझेच खाते अचानक गोठवले आहे. मी तर कोणाला फसवलेले नाही.

चादर, टॉवेल किंवा कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा राहू शकतो. परगावच्या एखाद्या गिऱ्हाइकाने तुमच्या क्यूआर कोडवर भरलेली रक्कम मुळात कोणाच्या तरी फसवणुकीतली असते आणि पैशाचा माग काढत आलेली यंत्रणा तुमच्या खात्यावर येऊन थांबते. अशा वेळी शाखेकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्याच्या पोलिसांचे पत्र आहे आणि नेमकी किती रक्कम वादात आहे. त्यानंतर त्या तपास अधिकाऱ्याला जीएसटीचे बिल, मालवाहतुकीची पावती आणि गिऱ्हाइकाशी झालेला पत्रव्यवहार पाठवून, संपूर्ण खात्याऐवजी वादातली रक्कमच रोखावी, अशी लेखी विनंती करावी. आठवड्याचा पगार वाटायचा असलेल्या यंत्रमागधारकाला ही एक विनंती वाचवू शकते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कॉलेजातली मुले, रोजंदारीवरचे कामगार यांना महिना काही हजारांचे आमिष दाखवून त्यांचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम मागून घेतले जाते. यालाच म्यूल खाते म्हणतात. ‘मला काहीच ठाऊक नव्हते’ हा बचाव अशा वेळी फार टिकत नाही, कारण तपासात पहिले नाव खातेदाराचेच निघते.

‘डिजिटल अटक’ म्हणून व्हिडिओ कॉल आला आहे. हे खरे असू शकते का?

नाही. पोलिस किंवा सरकारी अधिकारी असल्याचे भासवून, ‘तुम्हाला अटक झाली आहे’ असे व्हिडिओ कॉलवर धमकावत पैसे उकळण्याचा हा प्रकार आहे. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची तरतूद नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तर असे म्हटले आहे की, चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही. ‘तुमची रक्कम तपासणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरा’ हे वाक्य ऐकले की फोन ठेवावा.

या प्रकारात निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, डॉक्टर असे शिकलेले लोकही सापडतात. त्यांना अज्ञानापेक्षा एकटेपणा जास्त महागात पडतो, कारण ‘कोणाला सांगू नका, कॅमेरा बंद करू नका’ ही अटच पीडिताला घरच्यांपासून तोडण्यासाठी असते. पुण्यात किंवा परदेशात नोकरीला असलेल्या मुलांनी सोलापुरातल्या आईवडिलांना ही एक गोष्ट वेळीच सांगून ठेवावी.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा ई-चलान म्हणून फाइल आली आणि ती उघडली. आता?

फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नसून ॲप आहे. ते तुमचे एसएमएस वाचून ओटीपी पुढे पाठवू शकते. मोबाइलचा डेटा आणि वायफाय लगेच बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवावे आणि ते ॲप काढून टाकावे. ते निघत नसेल तर महत्त्वाचे सर्व जतन करून फोन मूळ स्थितीत आणावा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर असे घातक प्रोग्रॅम शोधून काढणारी साधने मोफत मिळतात. खरे चलान पाहायचे असेल तर ते परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर स्वतः गाडीचा क्रमांक टाकून पाहावे.

पंढरपूर-अक्कलकोटला येणाऱ्या पाहुण्यांसाठी भक्तनिवासाची खोली ऑनलाइन घेताना काय पाहावे?

तीर्थक्षेत्रांच्या बनावट बुकिंग संकेतस्थळांबद्दल भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. मंदिर संस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच खोली घ्यावी आणि पैसे भरताना समोर येणारे नाव वाचावे. संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर तिथेच थांबावे. शंका असल्यास राष्ट्रीय पोर्टलवरच्या ‘संशयित तपासा’ या सोयीत तो मोबाइल क्रमांक, यूपीआय आयडी किंवा संकेतस्थळ टाकून आधीच्या तक्रारी आहेत का ते पाहता येते. तिथे नाव न सापडणे हा मात्र प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे, कारण क्रमांक नवा असू शकतो.

गड्ड्याच्या यात्रेत मोबाइल चोरीला गेला.

आधी सिम बंद करून बँकेला कळवावे. नंतर पोलिसांत तक्रार देऊन त्या प्रतीसह दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक रोखून घ्यावा. हा पंधरा अंकी क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो. संचार साथीवरच आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही पाहता येते आणि न घेतलेल्या सिमची तक्रार करता येते. तिथली ‘चक्षू’ ही सोय संशयित फोन आणि संदेश कळवण्यासाठी आहे. पैसे गेले असतील तर चक्षूवर कळवून काही साधत नाही.

खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी येत आहे. पोलिसांत नाव उघड होण्याची भीती वाटते.

राष्ट्रीय पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग असून तिथे नाव न सांगताही माहिती देता येते. तपास पुढे नेण्यासाठी मात्र कधीतरी समोर यावे लागते. संमतीविना खासगी छायाचित्र टिपणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ई खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. धमकावून पैसे मागितले तर खंडणीचे कलमही लागते. पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी वाढत जाते.

खासगी छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरण्यापासून रोखणाऱ्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत तुमचे छायाचित्र कुठेही पाठवावे लागत नाही. त्याचा डिजिटल ठसा तुमच्याच उपकरणावर तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून ते चित्र ओळखून रोखतात. ही सेवा प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या छायाचित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच सेवा आहे. संकटातल्या मुलासाठी १०९८ आणि तातडीच्या पोलिस मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

शेअर बाजाराच्या व्हॉट्सॲप गटात भरघोस नफा दाखवत आहेत. खरे-खोटे कसे ठरवायचे?

सल्लागार किंवा दलाल नोंदणीकृत आहे का, हे शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहावे. ठेवी गोळा करणाऱ्या संस्थेबद्दल शंका असल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर चौकशी आणि तक्रार दोन्ही करता येतात. ॲपमध्ये दिसणारा नफा हा केवळ पडद्यावरचा आकडा असतो. तो काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’ असे सांगितले जाते, तिथे खरे रूप उघडे पडते.

अंगठा लावून खात्यातून पैसे काढले गेले. आधार सुरक्षित कसे ठेवावे?

एमआधार ॲपवरून किंवा आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात. आधार कुठे कुठे वापरले गेले याचा इतिहासही तिथे दिसतो. चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. रेशन किंवा पेन्शनसाठी अंगठा लावावा लागणाऱ्यांनी कुलूप घालण्यापूर्वी ते उघडण्याची पद्धत शिकून घ्यावी.

कारखान्याच्या संगणकातल्या सगळ्या फायली कुलूपबंद होऊन खंडणी मागितली जात आहे.

तो संगणक इंटरनेट आणि इतर संगणकांपासून तोडावा, पण पुसून टाकू नये. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेला अशी घटना कळवण्याची मुदत सहा तासांची आहे, हे २०२२ च्या निर्देशांनी ठरवले आहे आणि लहान कंपन्यांनाही ते लागू आहे. ‘नो मोअर रॅन्सम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अशा हल्ल्यांच्या काही जुन्या प्रकारांत कुलूपबंद झालेल्या फायली उघडणाऱ्या डिजिटल किल्ल्या मोफत मिळतात. पैसे देण्याआधी तिथे जरूर पाहावे.

अभ्यासासाठी किंवा जागृतीच्या कार्यक्रमासाठी विश्वासार्ह माहिती कुठे मिळेल?

कायद्यांचा मूळ मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. आकडेवारीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल पाहावा. २०२३ मध्ये देशात ८६,४२० सायबर गुन्हे नोंदले गेले, असे त्यात दिले आहे. हा आकडा दाखल गुन्ह्यांचा आहे. पोर्टलवरच्या तक्रारी त्याहून कितीतरी पटींनी जास्त असतात. लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. भाषणात किंवा प्रकल्प अहवालात हे दोन प्रकारचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

कार्यक्रमासाठी गृह मंत्रालयाच्या ‘सायबर दोस्त’ या समाजमाध्यम खात्यावरची चित्रे, रिझर्व्ह बँकेच्या जागृती पुस्तिका आणि सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या माहिती सुरक्षा प्रकल्पाचे अनेक भारतीय भाषांतले साहित्य वापरता येते. सोलापूरच्या पूर्व भागात कार्यक्रम घ्यायचा असेल तर तेलुगू आणि अक्कलकोटकडे कन्नड साहित्य बरोबर ठेवावे. विडी कामगार महिलांच्या बैठकीत मराठी पत्रक वाटण्यापेक्षा तेलुगूतून दहा मिनिटे बोलणारी एखादी कार्यकर्ती अधिक काम करून जाते. शाळा-महाविद्यालयांसाठी महिन्याचा पहिला बुधवार हा सायबर जागरूकता दिवस म्हणून ठरलेला आहे. त्या दिवसासाठी सायबर पोलिस ठाण्यातला अधिकारी हवा असल्यास विनंतीपत्र आधीच द्यावे.